संप्रेरक औषधे, पूरक गोळ्या आणि आहार : वेळेचे पथ्य

परभणी जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या देवळीत किंवा फडताळात आज जी औषधे ठेवलेली असतात, त्यांवर सहज दृष्टी टाकली तरी ग्रामीण आरोग्यसेवेचा गेल्या काही दशकांतील विस्तार ध्यानात येतो. सुनेची थायरॉइडची गोळी, आरोग्य उपकेंद्रातून मिळालेली लोहाची लाल गोळी, कॅल्शियमच्या गोळ्या, मुलीला शाळेत मिळणारी निळी गोळी, सासऱ्यांचे इन्सुलिन, जावेची ‘माला-एन’ची पाकिटे, आणि घरात क्षयरोगाचा रुग्ण असल्यास त्याचे औषध! यांतील प्रत्येक औषध योग्य कारणासाठी दिलेले असते. परंतु ती देणारे हात निरनिराळे असतात. एक गोळी तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, दुसरी आशा कार्यकर्तीने घरी आणून दिलेली असते, तिसरी शिक्षकांनी वाटलेली असते, तर चौथी क्षयरोग कार्यक्रमातून आलेली असते. ही सर्व औषधे एकाच पोटात जातात, आणि तेथे त्यांची एकमेकांशी व आहाराशी गाठ पडते. ही गाठ अनुकूल असेल तर रोगी बरा होतो, प्रतिकूल असेल तर औषध नियमित घेऊनही गुण येत नाही. संप्रेरक औषधांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

अल्प मात्रा, मोठे कार्य

शरीरातील अंतःस्रावी ग्रंथी जे रासायनिक द्रव्य थेट रक्तात सोडतात आणि जे दूरच्या अवयवांना कार्याची आज्ञा देते, त्यास संप्रेरक म्हणजेच हॉर्मोन असे म्हणतात. गळ्यातील अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) थायरॉक्सिन, स्वादुपिंडाचे इन्सुलिन, अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल, स्त्रीबीजकोशातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही त्यांतील प्रमुख होत. एखादी ग्रंथी दुबळी झाल्यास तिचे संप्रेरक बाहेरून द्यावे लागते. कुटुंबनियोजनासारख्या अन्य हेतूनेही संप्रेरके दिली जातात.

या द्रव्यांचे वैशिष्ट्य असे की, अत्यल्प मात्रेत ती कार्य करतात. थायरॉक्सिनची सर्वसाधारण दैनंदिन मात्रा ५० ते १०० मायक्रोग्रॅम असते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. याउलट लोहाच्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम, म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम लोह असते. दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर गिळल्या तर थायरॉक्सिनच्या शेकडो पट लोह त्याच्या शेजारी आतड्यात उतरते. अशा स्थितीत थायरॉक्सिनचा काही भाग लोहाशी बांधला जाऊन तसाच शरीराबाहेर पडला, तर त्यात नवल नाही.

थायरॉक्सिन आणि सकाळचा चहा

अवटू ग्रंथीच्या दुर्बलतेवर १८९१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काचा यशस्वी उपयोग केला. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज मिळणारी स्वस्त गोळी ही त्या संशोधनाचे फळ होय.

ही गोळी मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते आणि त्यासाठी जठर रिकामे व आम्लयुक्त असणे हितकारक असते. म्हणून ती पहाटे उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही खाऊ-पिऊ नये, असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे हेच पथ्य सर्वांत अधिक मोडते. शेतावर जाण्याच्या घाईत गोळी चहाच्या कपाबरोबर घेतली जाते. चहा-कॉफी व त्यातील दूध यांमुळे गोळीचे शोषण घटू शकते. आम्लपित्तासाठी घेतलेली औषधेही शोषणात अडथळा आणतात. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्यांचा अडथळा सर्वांत मोठा असल्याने त्या व थायरॉक्सिन यांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवणे आवश्यक असते. ज्यांना पहाटे हे जमणे अशक्य असते, त्यांना डॉक्टर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्यास सांगू शकतात. वेळ कोणतीही ठरो, ती रोज एकच असावी, हे महत्त्वाचे.

हे पथ्य पाळले न गेल्यास रक्तातील टीएसएचचे प्रमाण वाढलेले आढळते आणि डॉक्टर मात्रा वाढवितात. पुढे रुग्णाने अचानक पथ्य पाळावयास आरंभ केला, तर तीच वाढविलेली मात्रा अधिक होऊन छातीत धडधड, हातांना कंप, वजन घटणे असे त्रास उद्भवतात. म्हणून ‘गोळी कशाबरोबर घेता?’ हा प्रश्न मात्रा वाढविण्यापूर्वी विचारला जाणे श्रेयस्कर असते.

गर्भवतीच्या बाबतीत दुहेरी काळजी

गर्भारपणात या विषयाचे गांभीर्य वाढते. पहिल्या काही महिन्यांत गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी कार्यक्षम झालेली नसते, तो मातेच्या थायरॉक्सिनवरच अवलंबून असतो. त्याच्या मेंदूची वाढ या काळात होत असते. यामुळेच अवटू ग्रंथी दुर्बल असलेल्या मातेची थायरॉक्सिनची गरज गर्भधारणा होताच वाढते आणि रक्ततपासणी वरचेवर करावी लागते.

नेमक्या याच काळात शासकीय कार्यक्रमांतून तिला इतर गोळ्याही मिळू लागतात. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गर्भवतीला ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर १८० दिवस रोज द्यावयाची असते. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व २५० एकक ड जीवनसत्त्व असलेली गोळी दिवसातून दोनदा द्यावयाची असते. लोह आणि कॅल्शियम ही द्रव्येदेखील परस्परांच्या शोषणात अडथळा आणतात, त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ होते. चहातील टॅनिनमुळे लोह वाया जाते. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते.

हे नियम वाचताना क्लिष्ट भासतात, परंतु त्यांचे वेळापत्रक सोपे आहे. पहाटे पाच वाजता थायरॉक्सिन, फक्त पाण्याबरोबर. सहा वाजता चहा. अकराच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी. दुपारी तीन-चारच्या सुमारास, थोडे खाणे झाल्यावर, लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी, आणि त्यानंतरचा चहा तासाभराने उशिरा. रात्री आठच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी. कामाच्या वेळेनुसार तास मागेपुढे होऊ शकतील, अंतर मात्र कायम राहावे. एवढा कागद माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून दिला, तरी परिचारिकेचे अर्धे काम होते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. गोळ्या एकमेकींशी जमत नाहीत असे ऐकून एखादी माता लोहाची किंवा थायरॉक्सिनची गोळी बंद करून टाकते. असे करणे घातक होय. कोणतीच गोळी वर्ज्य नाही, फक्त त्या एका वेळी नकोत.

सोयाबीनच्या जिल्ह्यातील प्रश्न

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीनने खरीप हंगामात मोठे स्थान मिळविले आहे. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘एमएयूएस ७१’, ‘एमएयूएस १५८’ यांसारखे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. सोयाबीनमुळे थायरॉइडचा विकार जडतो, असा एक समज मात्र गावोगाव ऐकू येतो.

वस्तुस्थिती अशी की, पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या निरोगी माणसाची अवटू ग्रंथी सोयाबीन खाल्ल्याने बिघडते असे दिसून आलेले नाही. थायरॉक्सिन घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र सोयाबीनमधील प्रथिने गोळीचे शोषण कमी करू शकतात. म्हणून गोळीच्या आगेमागे सोयाबीनचे पीठ मिसळलेली भाकरी, सोयावडी किंवा सोयादूध घेऊ नये. दिवसाच्या अन्य वेळी ते माफक व नियमित प्रमाणात खाण्यास हरकत नाही. सोयाबीनच्या शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ नसतात, सबब फोडणीचे तेल बदलण्याची आवश्यकता नाही. जन्मतःच अवटू ग्रंथी दुर्बल असलेल्या तान्ह्या बालकाला सोयायुक्त दूधभुकटी दिली जात असेल, तर ते डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक होय, कारण अशा बालकाची मात्रा त्यानुसार ठरवावी लागते.

कोबी, फुलकोबी यांविषयीही अशीच भीती बाळगली जाते. शिजविलेल्या भाजीच्या नेहमीच्या प्रमाणाने काही अपाय होत नाही. आयोडीनयुक्त मिठाचे महत्त्व मात्र कायम आहे. कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने ते सिद्ध केले आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तथापि, आयोडीनयुक्त मीठ हे थायरॉक्सिनच्या गोळीला पर्याय नव्हे.

याच विद्यापीठाने ‘इक्रिसॅट’ या संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये प्रसारित केलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण लोह व जस्त यांनी समृद्ध आहे. अन्नातील अशा लोहाचे प्रमाण गोळीतील लोहाच्या मानाने थोडे असते. भाकरी थायरॉक्सिननंतर तासाभराने खाल्ली की पथ्य पाळले गेले, असे समजावे.

गर्भनिरोधक गोळी आणि क्षयरोगाचे औषध

आतापर्यंतची उदाहरणे आतड्यातील शोषणाची होती. दुसऱ्या प्रकारचा संघर्ष यकृतात घडतो. यकृतातील विकरे औषधांचे विघटन करतात. काही औषधे या विकरांना उत्तेजित करतात आणि मग सोबत घेतलेले दुसरे औषध त्याचे कार्य पूर्ण होण्यापूर्वीच नष्ट होते.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे याचे ठळक उदाहरण होय. १९७१ साली पश्चिम जर्मनीत असे आढळून आले की, हे औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भनिरोधक गोळी चालू असताना पाळी अनियमित होते. गोळी निष्प्रभ होऊन गर्भधारणा झाल्याचीही उदाहरणे पुढे नोंदली गेली. आपल्या कार्यक्रमातील ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल व इथिनाइल इस्ट्राडायॉल ही संप्रेरके आणि ७ गोळ्यांत लोह असते. यांतील संप्रेरकांची पातळी रिफाम्पिसिनमुळे घटते. फिट्‌सच्या विकारावरील फेनिटॉइन, कार्बमाझेपिन व फिनोबार्बिटॉन ही औषधेही हाच परिणाम करतात. संबंध न ठेवलेल्या दोन कार्यक्रमांतून दोन योग्य औषधे मिळून एका स्त्रीवर नको असलेले गरोदरपण, तेही आजारपणात, ओढवते. ही हानी पूर्णतः टाळता येण्याजोगी आहे.

उपाय स्पष्ट आहे. क्षयरोगाचा उपचार एक दिवसही थांबवावयाचा नाही. बदलावयाचे ते गर्भनिरोधनाचे साधन. तांबी किंवा ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन यांच्या परिणामकारकतेवर रिफाम्पिसिनमुळे बाधा येत नाही. निरोधचा वापर हा तर सदैव उपलब्ध मार्ग आहे. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही यकृतावरील त्याचा प्रभाव सुमारे चार आठवडे टिकतो, म्हणून तेवढा काळ ही काळजी चालू ठेवावी. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा प्रभावही या औषधामुळे कमी होतो.

सर्दी-खोकल्यासाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी गर्भनिरोधक गोळी निकामी होते, ही समजूत मात्र आजच्या ज्ञानानुसार निराधार आहे. तीव्र उलट्या वा जुलाब झाल्यास मात्र गोळी शोषली जात नाही आणि जादा काळजी घ्यावी लागते. थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीने गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यास तिची थायरॉक्सिनची गरज वाढू शकते, सबब सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावे. पाकिटातील सात गोळ्या लोहाच्या असल्याने अशा स्त्रीने गर्भनिरोधक गोळी रात्री घेणे सोयीचे ठरते.

याच संदर्भात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा उल्लेख करणे भाग आहे. वारी, लग्नकार्य, गौरी-गणपती अशा प्रसंगी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या औषधदुकानातून परस्पर आणल्या जातात. हेही संप्रेरक औषधच आहे. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असल्यास, यकृताचा विकार असल्यास किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असल्यास ते धोक्याचे ठरू शकते. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेल्या या गोळ्यांनी गर्भनिरोधन होते असे समजणे हीदेखील चूक होय.

इन्सुलिन, स्टेरॉइड आणि उपवास

इन्सुलिनचा आहाराशी असलेला संबंध सर्वांत निकटचा आहे. टोचलेली मात्रा आणि खाल्लेले अन्न यांचा मेळ बसावा लागतो. एकादशी, नवरात्र किंवा रमजानचा महिना या काळात नेहमीची मात्रा घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, चक्कर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी, शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठावे. याउलट उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी व बटाटा भरपूर खाल्ल्यास साखर झपाट्याने वाढते. ज्यांना उपवास किंवा रोजा करावयाचा आहे, त्यांनी आधीच डॉक्टरांना भेटून तो करणे सुरक्षित आहे की नाही हे विचारावे व मात्रेची फेरआखणी करून घ्यावी. आपल्या मनाने इन्सुलिन बंद करणे हा उपाय नव्हे.

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी अन्नाबरोबर घ्यावी. ती दीर्घकाळ चालू असल्यास शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात, म्हणून उपवासाच्या निमित्तानेही ती एकाएकी सोडू नये. रिफाम्पिसिनमुळे तिचाही प्रभाव घटतो. सांधेदुखी, दमा यांवर बिननावाच्या पुड्या विकणारे लोक आठवडी बाजारात दिसतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे देशात वेळोवेळी उघडकीस आले आहे. पुडीने जादूसारखा गुण येतो, भूक वाढते, चेहरा सुजतो, साखर वाढते आणि पुडी थांबताच रुग्ण गळून जातो. ही चिन्हे दिसल्यास पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जाणे इष्ट.

पूरकांविषयी सावधगिरी

केस व नखे यांच्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते. त्याने प्रयोगशाळेतील थायरॉइडच्या काही चाचण्या फसतात आणि रोग नसताना रोग दिसतो, किंवा चालू औषध अधिक झाल्याचा भास होतो. तपासणीपूर्वी ते किमान दोन दिवस बंद ठेवावे आणि तसे प्रयोगशाळेस सांगावे. अश्वगंधा ही गुणकारी वनस्पती म्हणून मान्यता पावलेली असली, तरी तिच्यामुळे थायरॉइड संप्रेरकाची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत. थायरॉक्सिन घेणाऱ्याने ती डॉक्टर वा वैद्यांना विचारल्याखेरीज घेऊ नये. वनस्पतीजन्य आहे म्हणून अपाय नाही, हा तर्क टिकणारा नाही.

ग्रामस्तरावर काय करता येईल

या विषयात नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही, आहे त्या यंत्रणेतील दुवे जोडावयाचे आहेत. क्षयरोगाची प्रत्येक विवाहित स्त्री-रुग्ण नोंदविताना ‘कोणते गर्भनिरोधक साधन चालू आहे?’ हा एक प्रश्न विचारला जावा. गर्भवतीची नोंद करताना ‘थायरॉइडची गोळी चालू आहे काय?’ हे विचारले जावे. खाजगी डॉक्टरांची औषधे सांगण्यास पुष्कळ स्त्रिया संकोचतात, म्हणून ‘घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून आणा’ असे सांगणे अधिक फलदायी ठरते.

शाळेतून दर आठवड्याला निळी गोळी देणाऱ्या शिक्षकांनी थायरॉक्सिन घेणाऱ्या विद्यार्थिनीला ती नाकारण्याचे कारण नाही. तिने पहाटे घेतलेली गोळी आणि मध्यान्ह भोजनानंतरची निळी गोळी यांत चार तासांहून अधिक अंतर आपोआप राहते. शाळा सकाळच्या सत्रात असेल, तेव्हा मात्र निळी गोळी घरी नेऊन दुपारी घेण्यास सांगावे.

ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ग्रामपंचायतीची जबाबदारी अधिक आहे. फडावर पोचल्यावर नवा डॉक्टर जुन्या गोळ्यांविषयी अनभिज्ञ असतो. निघण्यापूर्वी औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहिलेला कागद आणि पुरेशा गोळ्या बरोबर असल्याची खात्री ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला करून घेता येईल.

औषध मोफत मिळणे ही आरोग्यसेवेची पहिली पायरी झाली. ते शरीरात पोचून कार्य करणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांमधील अंतर कित्येकदा चहाच्या एका कपाएवढे किंवा न विचारलेल्या एका प्रश्नाएवढेच असते. ते भरून काढण्यास खर्च लागत नाही. गोळी हाती देताना ती केव्हा आणि कशाबरोबर घ्यावयाची, हे दोन वाक्यांत सांगितले आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारले, तर गावातील अनेक मातांचे व बालकांचे हित साधले जाईल.